रिकाम्या रानाला लसणाचं पाणी

ओबदुलिया सेर्मेन्यो रिकाम्या रानाला लसणाचं पाणी घालते आहे, ही बातमी सान रोकितोत कुणी कुणाला सांगायची गरज पडली नाही. वाऱ्यानेच ती गावभर केली. सकाळी वास आधी मक्याच्या गिरणीशी आला, तिथून शाळेकडे वळला, आणि लोक न्याहारीला बसेपर्यंत निकासियोच्या विधवेचं डोकं फिरलं यावर गावाचं एकमत झालं होतं.

"लसूण लावत नाही, नुसतं लसणाचं सूप पाजते रानाला," गिरणीवाला क्रिसोगोनो म्हणाला. "उद्या वरून अंडं फोडून घालील."

हसणाऱ्यांना तरी काय दोष द्यायचा? आमचं गाव लसणाचं. ग्वानाहुआतोच्या या माळावर पावसावर मका येतो आणि हिवाळ्यात विहिरीवर लसूण. आमची पोरं चालायच्या आधी लसूण सोलायला शिकतात असं आम्ही परक्यांना सांगतो, आणि ते फारसं खोटं नाही. लावलेला लसूण नासला तर आम्हाला हळहळ वाटते, चार बायका जाऊन धीर देऊन येतात. पण चांगल्या पाकळ्या ठेचून त्यांचं पाणी उघड्या मातीत ओतायचं, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं.

ओबदुलिया मुळात लसणाच्या घरातली नव्हे. ती डोंगरापलीकडची, शेळ्या राखणाऱ्यांतली. लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला वेणी शिकवली. लसणाच्या सुकलेल्या पाती एकमेकींत गुंफून गड्ड्यांची माळ करायची, हीच आमच्याकडची वेणी. तिची पहिली वेणी भर बाजारात सुटली आणि गड्डे उतारावरून घरंगळत थेट पाद्रीबुवांच्या चपलांपाशी जाऊन थांबले. "मुली, दान पेटीत टाकायचं असतं," पाद्रीबुवा म्हणाले, आणि बाजार आठवडाभर हसला. ओबदुलियाला हसं झालेलं खपत नाही. तिने तो सगळा मोसम वेण्या घातल्या, सोडल्या, पुन्हा घातल्या. पुढे तिची वेणी अशी झाली, की निकासियो ती तुळईला टांगायचा, दोन्ही हातांनी धरून लोंबकळायचा आणि आल्यागेल्याला म्हणायचा, "बघा, माझी बायको मला पडू देत नाही."

मग पांढरी कूज आली. हिवाळा सरता सरता बांधालगतची चटईएवढी जागा पिवळी पडली. रोप ओढलं तर ते हाताला कसलाही विरोध न करता वर येई. मुळं नाहीतच, गड्ड्याभोवती कापसासारखी पांढरी बुरशी, आणि त्या कापसात खसखशीएवढे काळे दाणे. त्याच्या पुढच्या वर्षी अर्धं रान गेलं. निकासियोने कुठल्याशा जत्रेतून मोठ्या पाकळीचं बियाणं आणलं होतं, त्यावर सगळ्यांनी बोट ठेवलं. ओबदुलियानेही ठेवलं. जेवताना, झोपताना, चालताना तिने त्याला ऐकवलं. त्याने दुकानातली औषधं आणून ओतली, काही उपयोग झाला नाही. त्या उन्हाळ्यात तो बसची वाट बघता बघता खाली बसला तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. ओबदुलियाला मात्र आपण ऐकवलेलं सगळं आठवत राहिलं.

रान दोघा भावांच्या नावावर होतं. वरचा तुकडा थोरल्या बाउदेलियोचा, खालचा निकासियोचा. बाउदेलियो म्हणजे कमी बोलणारा, मोठ्या मिशांचा माणूस. वर्षानुवर्षं त्याचा लसूण गावात सगळ्यांत आधी विकला जाई. कुणी वेण्या घालायला बसायच्या आत त्याचं रान मोकळं झालेलं असे, आणि लोक म्हणत, नशीबवान आहे, व्यापारी त्याच्या दारात येतो. अलीकडे कंटाळा आला म्हणून तो नुसता मका घेत होता. भावाच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना झाल्यावर तो चर्चच्या पायरीवरच ओबदुलियाला म्हणाला, "कुन्यादा, त्या रानात आता घायपात लावू."

आमच्याकडे दीर-भावजय एकमेकांना कुन्यादो-कुन्यादा म्हणतात, आणि त्या शब्दात जितकी माया असते तितकाच हुकूमही असतो.

"घायपात?"

"तेकीलावाले घेतात. खत नको, पाणी नको, कूज लागत नाही."

"आणि सात वर्षं रान तिचं. मी काय करू सात वर्षं?"

"लेओन शहरात मुलगी आहे की तुझी."

मुलगी होती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जावई बुटांच्या कारखान्यात, बाल्कनीत कोरफडीची कुंडी. पोरगी चांगली, जावई त्याहून चांगला. पण तिथे ओबदुलियाच्या हातांना काहीच काम नव्हतं. मागच्या नाताळात तिने जावयाच्या बुटांच्या नाड्यांची वेणी घालून ठेवली होती, आणि ती पाहून मुलीला रडू आलं होतं.

"मला दोन हिवाळे द्या," ओबदुलिया म्हणाली. "तिसऱ्याला लसूण लावते. कुजका निघाला तर तुमची घायपात लावा."

"मग रडायचं नाही."

"रडेन तर बाल्कनीत. तुम्हाला ऐकू येणार नाही."

हे दोन हिवाळे तिने उगीच मागितले नव्हते. गावात शेतीखात्याची एक इंजिनिअरीणबाई यायची, ग्रिसेल्दा नावाची. धुळीने माखलेली गाडी, डोक्यावर भावाची टोपी. तिने एकदा ओबदुलियाच्या बांधावर बसून ते काळे दाणे तळहातावर घेतले होते.

"ही बुरशीची झोप आहे, दोन्या ओबदुलिया," ती म्हणाली होती; आमच्याकडे थोर बाईला मानाने दोन्या म्हणतात. "हे दाणे मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. मक्याने जागे होत नाहीत, घेवड्याने होत नाहीत. लसणाच्या नाहीतर कांद्याच्या मुळांचा वास आला, की मग उठतात."

"म्हणजे आमच्या सासऱ्यासारखे. हाक मारली तर मेल्यासारखे पडायचे, तव्यावर मिरची टाकली की उठून बसायचे."

"अगदी तसेच. आणि उठून बसले, पण ताटात काहीच नसलं तर?"

"शिव्या द्यायचे."

"बुरशीला शिव्या येत नाहीत. ती एकदाच उठते. खायला मिळालं नाही तर मरते."

ओबदुलियाने दाण्यांकडे पाहिलं आणि ती खो खो हसत सुटली. "म्हणजे जेवायला बोलवायचं, आणि घराला कुलूप!"

"हो. पण कुलूप पक्कं हवं. एक पाकळी, एक कांद्याची पात जरी रानात राहिली, तरी तिचं पोट भरलं, आणि मग तिला लाखांनी पोरं होतात. थंडीत, ओल असताना पाणी घालायचं. पावसाळ्यात मका घ्या, घेवडा घ्या. लसणाच्या जातीचं काही नको. काही म्हणजे काही नको."

तर असं ते लसणाचं पाणी. बाजारकट्ट्यावर दबलेल्या, फुटलेल्या, कोंब आलेल्या पाकळ्यांचे ढीग पडत. ओबदुलिया त्या पोत्यांनी आणू लागली. दळायला गिरणीत गेली तर क्रिसोगोनो दारातच आडवा झाला. "माझ्या गिरणीत लसूण? ईस्टरपर्यंत गावाच्या भाकऱ्यांना, तोर्तियांना वास येईल, आणि बायका मला दळून काढतील." मग घरचा दगडी पाटाच उरला. पाट्यावर वाटायचं, पिंपात भिजवायचं, फडक्यातून गाळायचं, आणि झारीने सरीसरीत सोडायचं. बोटांची सालं निघाली. डोळ्यांना धार लागली, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे त्यात थोडं निकासियोचंही रडून झालं.

वाटायला मदतीला प्लासिदा यायची. प्लासिदा ओबदुलियाची कोमाद्रे, म्हणजे लेकीच्या बाप्तिस्म्याला तिनेच बाळ हातात धरलेलं, आणि तेव्हापासून दोघींचं नातं बहिणींपेक्षा घट्ट. ती चौकात तमाल, म्हणजे मक्याच्या पानात बांधून उकडलेलं मक्याचं पीठ, विकायची, आणि तमाल बांधता बांधता गावातल्या कुणाची नजर कुणाला लागली याचा हिशोब ठेवायची. तिच्या मते जगातली निम्मी दुखणी मत्सराने येतात आणि उरलेली गार पाण्याने.

"तुझ्या वेण्यांना दृष्ट लागली, कोमाद्रे," ती वाटता वाटता म्हणाली. "बुरशी वगैरे नंतरची. चार कोपऱ्यांत नर लसूण पुर, लाल फीत बांधून. मग बघ."

नर लसूण म्हणजे तो मुठीएवढा थोराड गड्डा. आमच्याकडे प्रत्येक दुकानाच्या दारामागे लाल फितीत बांधलेला एक टांगलेला असतो, मालकाच्या भरभराटीकडे कुणी वाकडं बघू नये म्हणून. ओबदुलियाच्याही स्वयंपाकघरात होताच.

"रानात नाही," ओबदुलिया म्हणाली. "इंजिनिअरीणबाईने सांगितलंय, एक पाकळी नको."

"अगं, पण तो औषधाचा आहे. खायचा कुठाय?"

"बुरशीला काय कळतंय औषधाचा कुठला आणि खायचा कुठला! प्लासिदा, माझ्या गळ्याची शपथ, रानात लसूण न्यायचा नाही."

प्लासिदाने ओठ मुडपले आणि वरवंटा जरा जास्तच जोरात फिरवला.

पहिला हिवाळा असा गेला. पावसाळ्यात मका आणि घेवडा आला, बरा आला. दुसऱ्या हिवाळ्यात इंजिनिअरीणबाईच्या सांगण्यावरून ओबदुलियाने ब्रोकोलीच्या मळ्यातला पाला-दांडे आणून रानात गाडले, जुनं शेळ्यांचं खत घातलं आणि वरून पुन्हा लसणाचं पाणी. त्या मिश्रणाचा वास असा उठला, की क्रिसोगोनोने लसणाच्या वासाची माफी मागितली. घरच्या स्वयंपाकासाठी तिला बाजारातून लसूण विकत घ्यावा लागे. लसणाच्या गावात लसूण विकत घेणारी बाई म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळेल. ती रुमाल पुढे ओढून, दुसऱ्या टोकाच्या, ओळख नसलेल्या विक्रेत्याकडे जायची. ती निघताना तो म्हणायचा, "दोन्या, पुढच्या वेळी एखादी वेणी घेऊन जा, स्वस्त पडते." ती मान हलवायची आणि घरापर्यंत पुटपुटत यायची.

तिसऱ्या वर्षी मका निघाल्यावर तिने लसूण लावला. बियाणं इंजिनिअरीणबाईने खात्रीच्या ठिकाणाहून आणवलेलं, गरम पाण्यात बुडवून काढलेलं. नाताळात रान हिरवंगार होतं. बायका बांधावरून जाताना आता हसत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. आणि बघताहेत म्हणून ओबदुलियाला उलट जास्त भीती वाटायची.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती पाणी द्यायला गेली तर विहिरीकडच्या कोपऱ्यात पात पिवळी दिसली.

तिने एक रोप धरून ओढलं. ते हाताला विरोध न करता आलं. पांढरा कापूस, काळी खसखस.

 ती सरीत बसली. निकासियो, दोन हिवाळे, सोललेली बोटं, तिसऱ्या मजल्यावरची कोरफड, सगळं एकदम डोक्यात आलं. जरा वेळाने ती उठली आणि बांधाच्या कडेने चालत दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तिथेही पिवळं. मग ती जवळजवळ पळतच तिसऱ्या कोपऱ्याकडे गेली. पिवळं. चौथ्याकडे जायची गरज नव्हती, तरी गेली. तिथेही तेच.

मग ती रानाच्या मधोमध उभी राहिली. आजूबाजूला सगळं हिरवं. तिने इथलं एक रोप ओढलं, तिथलं एक ओढलं. दोन्ही वेळा मातीने असं धरून ठेवलं, की पात तुटायची पाळी आली. मुळं पांढरी, मिशीसारखी दाट.

बरोबर चार कोपरे. बुरशीला भूमिती कुणी शिकवली?

ती कोपऱ्यात परत गेली आणि हातानेच माती उकरू लागली. वीतभर खाली बोटांना काहीतरी बिळबिळीत लागलं. मुठीएवढा गड्डा, कुजून काळा पडलेला, आणि त्याच्याभोवती मातीतही रंग न सोडलेली लाल फीत.

चौकात तेव्हा तमालच्या पातेल्यापुढे रांग होती. ओबदुलिया मातीने भरलेल्या हातात ती फीत लोंबकळवत आली तेव्हा रांग आपोआप दुभंगली.

"हे काय आहे, कोमाद्रे?"

प्लासिदाने फितीकडे पाहिलं, पातेल्याचं झाकण घातलं, पुन्हा काढलं. "फीत दिसते."

"कुणाची?"

"लाल फिती काय, कुणाच्याही असतात..."

"प्लासिदा!"

"माझी!" प्लासिदाला रडू फुटलं. "माझी आहे. पहिल्याच हिवाळ्यात पुरले. तू बाजारकट्ट्यावर गेलीस तेव्हा. तुझ्या भल्यासाठी, गं! सगळं गाव तुझ्याकडे टक लावून बघतंय, आणि तू अशी उघड्यावर! मला झोप लागेना."

"आणि उगवले नाहीत? मला दिसले कसे नाहीत?"

प्लासिदाने एप्रनने डोळे पुसले आणि आवाज खाली आणला. "कोंब वर आला की मीच खुडायचे."

"आणि?"

"आणि... अंड्यात घालायचे."

रांगेत कुणीतरी खाकरलं.

"माझ्या रानातला लसूण," ओबदुलिया एकेक शब्द तोडत म्हणाली, "जो रानात असताच कामा नये, जो नसावा म्हणून मी दोन वर्षं हात सोलून घेतले, तो तू अंड्यात घालून खाल्लास."

"चांगला होता," प्लासिदा हुंदका देत म्हणाली. "तुझ्या रानाची चवच वेगळी."

ओबदुलियाने तोंड उघडलं ते तिला झोडपण्यासाठी.  पण तिच्या तोंडून आधी एक विचित्र आवाज निघाला, मग दुसरा, आणि मग ती पातेल्याच्या टेबलाला धरून हसू लागली. हसताना तिचे डोळे वाहत होते. लोकांना वाटलं, आता मात्र खरंच गेली.

"अगं, चारच कोपरे!" तिला नीट बोलताही येईना. "तू जिथे जिथे जेवायला घातलंस तिथेच ती जगली! मधे काही नाही! मधे सगळं स्वच्छ आहे, प्लासिदा! उपाशी मेली ती! पाणी लागू पडलंय!"

प्लासिदाला यातलं निम्मंही कळलं नाही, पण शिव्या टळल्या एवढं कळलं. "मग मी पुरले ते बरंच झालं म्हणायचं?" तिने हळूच विचारलं.

"तोंड बंद कर आणि फावडं घे."

इंजिनिअरीणबाईला फोन लागला.  आधी तीही हसली, आणि मग कडक आवाजात कामं सांगितली. पिवळ्या रोपांच्या पलीकडे चार हात हिरवी रोपंही काढायची, दया दाखवायची नाही. रोपं जाळायची. माती पोत्यात भरून न्यायची, फरफटत न्यायची नाही. खड्ड्यांवर प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबायच्या आणि वसंताच्या उन्हात तापू द्यायचं. बूट आणि फावडी धुतल्याशिवाय रानात पाऊल टाकायचं नाही. ओबदुलियाने चारही कोपऱ्यांत प्लासिदालाच खणायला लावलं. पोती तिच्याच पाठीवर दिली. प्लासिदा कण्हत होती, देवाला हाका मारत होती, पण एकही पोतं तिने खाली टेकवलं नाही, हेही सांगायला हवं.

तेव्हापासून ओबदुलिया रोज उजाडताच रानात. कूज कोपऱ्यांतून आत सरकली असेल का, एवढा एकच प्रश्न. मार्च हिरवा गेला. एप्रिलही बराचसा गेला. मग रान पिवळं पडू लागलं.

आता ही लसणाची खोड बघा. तो पिकला तरी पिवळा होतो आणि कुजला तरी पिवळाच होतो. वरून बघून कुणाच्या बापाला सांगता येत नाही. एखादं दुसरं रोप उपटून पाहावं, तर ओबदुलियाचा हात धजावेना. ज्या बाईने गावभर हसं करून घेतलं, ती एक रोप उपटायला घाबरत होती. जेवण जाईना. लेकीने फोनवर विचारलं, "आई, खोली आवरून ठेवू का?" तर तिने फोनच ठेवून दिला.

मे महिन्यात बाउदेलियो गाडी घेऊन आला. गाडीत घायपातीची रोपं होती, मुळं कापून सुकवलेली, अननसांच्या ढिगासारखी. ती त्याने बांधावरच्या वेड्या बाभळीखाली उतरवली.

"मी काही म्हणत नाही," तो म्हणाला. "नुसती ठेवतोय."

"ठेवा की. सावलीला कुणी ना म्हणतं का?"

"पहिलं रोप मी उपटणार. मी म्हणेन तिथलं."

"उपटा."

तो कोपऱ्यांकडे गेला नाही. सरळ वरच्या बांधाकडे चालत गेला, जिथे पहिल्या वर्षी ती चटईएवढी जागा पिवळी पडली होती. त्याला ती जागा शोधावी लागली नाही. ओबदुलिया मागोमाग. प्लासिदा बांधावर, हातात जपमाळ, कारण तिला रानात पाऊल टाकायची बंदी होती.

बाउदेलियो वाकला. पात मुठीत धरली आणि ओढली. रोप आलं नाही. त्याने दुसरा हात लावला. मातीने सोडलं तेव्हा तो तोल जाऊन मागेच बसला, आणि त्याच्या मांडीवर पांढराशुभ्र, जांभळ्या रेघांचा, टणक गड्डा होता. मुळांना ढेकळं लोंबत होती. त्याने तो फिरवून पाहिला. नखाने साल ओरबाडून पाहिली. मग शेजारचं रोप उपटलं, मग त्याच्या शेजारचं. सगळे तसेच. तो गुडघ्यांवर रांगत अर्धी सरी उपटत गेला आणि ओबदुलिया उभीच.

मग ती खाली बसली आणि मोकळी रडली. दोन वर्षं आवळून धरलेलं सगळं सुटलं. तिला इतकं हलकं वाटलं, की आपण बसलो आहोत की उडतो आहोत हे तिला कळेना. बांधावरून प्लासिदा ओरडत होती, "काय झालं? अगं, बरं की वाईट? कुणी सांगाल का मला!"

"बरं!" ओबदुलिया रडत रडतच ओरडली. "बरं आहे, बये!"

बाउदेलियो परत आला तो टोपी हातात घेऊन. उन्हात टोपी काढणारा माणूस नव्हे तो. तो ओबदुलियाच्या शेजारी सरीत बसला आणि मातीत बोट फिरवू लागला.

"कुन्यादा, वरच्या तुकड्यात आहे."

"काय आहे?"

"हेच. कूज. निकासियोच्या रानात आली त्याच्याही आधीपासून."

ओबदुलियाने डोळे पुसले. "तुमचा लसूण तर सगळ्यांच्या आधी विकला जायचा."

"विकला नाही कधी. कुजायचा. लोक उठायच्या आत उपटून ओढ्याकाठी जाळायचो आणि म्हणायचो, व्यापारी घेऊन गेला." त्याने वरच्या बांधाकडे हात केला. "इथे पहिल्यांदा कूज दिसली त्याच्या आधीच्या पावसाळ्यात माझ्या रानातलं पाणी बांध फोडून इथे आलं. इथेच. मागून बांध उंच केला. तेवढंच जमलं."

जत्रेतल्या त्या मोठ्या पाकळीच्या बियाण्यात काहीच वाईट नव्हतं तर. ओबदुलियाला पहिल्यांदा भयंकर राग आला. उठून याची मिशी उपटावी असं तिला वाटलं. आणि त्या रागाच्या पाठोपाठ, रागाला ढकलत, दुसरंच काहीतरी आलं: निकासियोचं काही चुकलं नव्हतं. त्यासरशी तिच्या छातीवरचा एक दगड हलला, जो इतके दिवस तिथे होता हे तिला हलल्यावर कळलं.

"त्याला का नाही सांगितलंत?"

"धाकटा होता. हसला असता मला."

"हसला असता," ओबदुलिया म्हणाली. "पोट धरधरून हसला असता. आणि मग फावडं घेऊन तुमच्या रानात आला असता."

 बाउदेलियोने मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलू लागले. ओबदुलियाने त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं, भावाच्या पेटीपुढेही नाही. त्याच्या मिशीला लागलेली माती तिने आपल्या एप्रनच्या टोकाने पुसली.

"ती घायपात भरा गाडीत परत," ती म्हणाली. "थंडी पडली की मी येते तुमच्या रानात. पण पाट्यावर लसूण तुम्ही वाटायचा."